विषाणू सर्वांचा, रोग मोजक्यांचा

१९२२ साली त्वचारोगांना वाहिलेल्या एका जर्मन नियतकालिकात स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरातल्या एका रुग्ण स्त्रीची हकिगत छापून आली. लिहिणारे दोघे होते, फेलिक्स लेवांडोव्स्की आणि विल्हेल्म लुट्झ. लेवांडोव्स्की आदल्याच वर्षी वारले होते. ज्या लेखामुळे त्यांचे नाव पुढे शंभर वर्षे टिकले, तो त्यांना छापलेला पाहता आला नाही. चपट्या चामखिळींसारखे उंचवटे आणि लालसर-तपकिरी चट्टे यांनी त्या स्त्रीची त्वचा व्यापली होती आणि ठाऊक असलेल्या कोणत्याही रोगाशी त्यांचा मेळ बसत नव्हता. बाह्यत्वचेच्या घडणीतच जन्मजात काही बिघाड असावा, असे दोघांना वाटले. त्यांनी या विकाराला एपिडर्मोडिसप्लासिया व्हेरुसिफॉर्मिस असे नाव दिले. नाव लांबलचक आहे, म्हणून या पुस्तकात सर्वत्र ‘ईव्ही’ एवढेच म्हटले आहे.

जगभरच्या वैद्यकीय साहित्यात आजवर ईव्हीचे जे रुग्ण नोंदले गेले, त्यांची गणती शेकड्यांत होते. मग त्यांच्यासाठी मराठीत स्वतंत्र पुस्तक कशाला, असे कुणीही विचारील. संसर्गाने होणारे रोग एका कप्प्यात आणि आईबापांकडून येणारे दुसऱ्या कप्प्यात, अशी वाटणी आपण शाळेच्या पाठ्यपुस्तकापासून करत आलो आहोत. ईव्हीने ती मोडीत काढली. विषाणू नसेल तर हा रोग होत नाही आणि शरीरात ठराविक उणीव नसेल तरीही तो होत नाही. एकच जंतू हजारांच्या अंगात शिरतो आणि त्यांतल्या एखाद्यालाच का घेरतो, याचा शोध घेणारी मोठी ज्ञानशाखा आज उभी आहे. तिच्यात नव्याने येणाऱ्या वाचकाला ईव्हीइतकी चांगली वाट मला दुसरी दिसत नाही.

आधी रोगाचे रूप पाहू. सुरुवात बहुधा बालपणी, शाळेत जाण्याच्या वयात होते. हातापायांवर आणि चेहऱ्यावर चपटे, त्वचेच्याच रंगाचे किंवा किंचित गुलाबी उंचवटे येतात. मान, छाती आणि पाठीवर फिकट किंवा तांबूस, बारीक खवले सुटणारे चट्टे उठतात. आपल्याकडे असे मूल पाहिले की घरातली मोठी माणसे म्हणतात, शिबे आली आहेत, जातील. डॉक्टरही अनेकदा तेच समजतात, कारण चट्टे दिसतात अगदी शिब्यांसारखे. बुरशीवरचे मलम सुरू होते, महिने जातात, चट्टे तसेच राहतात. हातांवरच्या उंचवट्यांना चामखीळ म्हणावे, तर साधी चामखीळ पुष्कळदा वर्षा-दोन वर्षांत आपोआप गळून पडते. (घोड्याचा केस बांधून ती पडते असे जे गावोगाव मानतात, त्यातले बरेचसे श्रेय या आपोआप पडण्याला द्यायला हवे.) ईव्हीचे उंचवटे मात्र जात नाहीत. ते दुखत नाहीत, फारसे खाजतही नाहीत, त्यामुळे कुणी त्यांच्याकडे लक्ष देत नाही. मूल मोठे होते, आणि विशी-तिशीनंतर कपाळासारख्या सतत उन्हात असणाऱ्या जागी एखादा चट्टा जाड होतो, चिघळतो. ईव्हीच्या रुग्णांपैकी सुमारे ३० ते ६० टक्क्यांना त्वचेचा कर्करोग होतो, तोही साधारणतः ज्या वयात इतरांना तो होतो त्याच्या कितीतरी आधी.

त्वचेचा लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर बाह्यत्वचेच्या वरच्या थरांत फुगलेल्या, निळसर-राखाडी झाक असलेल्या पेशी दिसतात. विद्यार्थ्याने त्या एकदा नीट पाहिल्या की तो सहसा विसरत नाही. निदानाला लागणारी तपासणी एवढी साधी आहे. ती करायला कुणाला सुचत नाही, हीच अडचण आहे.

बाझेलच्या लेखानंतर त्वचारोगतज्ज्ञांत दोन तट पडले. काहींना हा निव्वळ आनुवंशिक विकार वाटला, तर काहींना अंगभर पसरलेल्या चामखिळींपलीकडे त्यात काही दिसेना. १९३३ साली एडवर्ड कॉकेन या इंग्रज बालरोगतज्ज्ञाने तो अप्रभावी पद्धतीने वंशात उतरतो असे सुचवले. आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आले तरच रोग, एकाकडून आले तर काही नाही. दुसऱ्या तटाची बाजू बळकट केली ती स्वतः लुट्झ यांनी. रुग्णाच्या चट्ट्यातला अंश त्याच्याच निरोगी त्वचेत टोचला तर तिथे नवा चट्टा उठतो, हे त्यांनी १९४६ साली नोंदवले. ज्याला आपण घडणीतला दोष म्हटले होते त्यात विषाणूचा हात आहे, हे मूळ लेखकांपैकीच एकाने चोवीस वर्षांनी दाखवावे, याचे मला फार मोल वाटते. प्रतिकारशक्तीच्या जन्मजात उणिवांचा इतिहास बहुतेक पुस्तके १९५२ पासून, अमेरिकी डॉक्टर ऑग्डेन ब्रूटन यांनी वर्णन केलेल्या प्रतिपिंडांच्या अभावापासून सुरू करतात. खरे पाहता तो मान ईव्हीला द्यायला हवा. एका ठराविक जंतूपुढे हतबल ठरणारे, एरवी धडधाकट असलेले शरीर वैद्यकाने आधी इथे पाहिले.

यानंतरचा सर्वांत समृद्ध भाग घडला वॉर्सा आणि पॅरिसमध्ये. पोलंडच्या त्वचारोगतज्ज्ञ स्टेफानिया याब्वोन्स्का यांनी ईव्हीच्या रुग्णांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. १९६६ साली त्यांनी रोगाच्या विषाणूजन्य कारणाचे अधिक भक्कम पुरावे मांडले आणि १९७२ मध्ये त्याहून धीट विधान केले: विषाणूंमुळे कर्करोग कसा होतो याचा अभ्यास करायचा असेल तर ईव्ही हा माणसातला आदर्श नमुना आहे. त्या काळी चामखिळीचा विषाणू सर्वत्र एकच मानला जाई आणि तो निरुपद्रवी आहे याबद्दल कुणाला फारशी शंका नव्हती. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतले जेरार ओर्त यांनी याब्वोन्स्का यांच्या रुग्णांतल्या विषाणूंचा अभ्यास हाती घेतला. युरोप दोन गटांत विभागलेला असताना चाललेल्या या सहकार्यातून १९७८ मध्ये ईव्हीच्या चट्ट्यांतल्या दोन वेगवेगळ्या पॅपिलोमा विषाणूंचे वर्णन झाले. आज माणसाच्या पॅपिलोमा विषाणूंचे, म्हणजे एचपीव्हीचे, दोनशेहून अधिक प्रकार ठाऊक आहेत. त्यांतले पाच आणि आठ क्रमांकाचे प्रकार ईव्हीच्या बहुसंख्य कर्करोगांत सापडतात. हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या प्रयोगशाळेने गर्भाशयमुखाच्या कर्करोगात एचपीव्ही-१६ दाखवला तो १९८३ साली. त्या शोधासाठी त्यांना २००८ चे नोबेल मिळाले आणि ते योग्यच झाले. पण एचपीव्ही आणि माणसाचा कर्करोग यांची गाठ पहिल्यांदा पडली ती या मोजक्या रुग्णांच्या त्वचेत. पाठ्यपुस्तकांत हे एका ओळीत उरकले जाते. या पुस्तकाने त्याला पूर्ण प्रकरण दिले याचा मला आनंद आहे.

आता ज्या मुद्द्यापाशी वाचकाने सर्वाधिक थांबावे, तिकडे वळतो. ईव्हीला कारण होणारे विषाणू, ज्यांना बीटा गटाचे एचपीव्ही म्हणतात, ते दुर्मीळ नाहीत. निरोगी माणसांच्या भुवईचा एखादा केस उपटून तपासला तरी त्याच्या मुळाशी ते पुष्कळदा सापडतात. तान्ह्या बाळांच्या त्वचेवरही ते पोचलेले असतात. हे वाक्य लिहिणाऱ्याच्या आणि वाचणाऱ्याच्या अंगावर ते बहुधा आता, या क्षणी आहेत. सर्वांच्या त्वचेवर ते मुकाट राहतात, ईव्हीच्या रुग्णात तेवढे मोकाट सुटतात. म्हणून ईव्हीच्या रुग्णाशेजारी बसल्याने, त्याच्या ताटात जेवल्याने किंवा त्याचा टॉवेल वापरल्याने कुणाला ईव्ही होत नाही. हे मी मुद्दाम ठळकपणे लिहितो आहे. अंगावरच्या डागांची भीती आपल्या समाजात किती खोल रुजली आहे, हे बाबा आमटे यांच्या आनंदवनाची गोष्ट ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. तिथेही विज्ञान असेच काही सांगत होते. कुष्ठरोगाचे जंतू शरीरात शिरले तरी बहुसंख्य माणसांना तो रोग होत नाही. समाजाने ते ऐकायला फार वेळ लावला. ईव्हीच्या मुलाला वर्गातल्या शेवटच्या बाकावर एकटे बसवले जाऊ नये, एवढे जरी या पुस्तकाने साधले तरी ते लिहिणाऱ्यांचे श्रम कारणी लागले असे मी म्हणेन.

मुकाट विषाणू मोकाट का सुटतो? २००२ साली निकोला रामोझ, मिशेल फाव्हर, जेरार ओर्त आणि त्यांच्या अल्जीरियन व कोलंबियन सहकाऱ्यांनी सतराव्या गुणसूत्रावर शेजारी-शेजारी असलेली दोन जनुके शोधून काढली. त्यांना एव्हर-१ आणि एव्हर-२ अशी नावे मिळाली. यांपैकी कोणत्याही एकाच्या दोन्ही प्रती निकामी असतील तर ईव्ही होतो. तरीही काही रुग्णांत ही दोन्ही जनुके ठणठणीत निघाली. त्यांतल्या काहींचे कोडे २०१८ मध्ये सुटले. तिसरे जनुक होते सीआयबी-१, आणि त्याचे प्रथिन एव्हरच्या दोन्ही प्रथिनांशी जोडी जमवून काम करते असे दिसले. यातून उभे राहिलेले चित्र मला या सगळ्या शास्त्रातले सर्वांत देखणे वाटते. साध्या चामखिळीचे आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे एचपीव्ही आपल्यासोबत एक जादा प्रथिन बाळगतात आणि ते सीआयबी-१ ला जाऊन भिडते. बीटा गटाच्या विषाणूंकडे हे प्रथिनच नाही. म्हणजे त्वचेच्या पेशीत एक पहारा आहे, बाकीचे विषाणू त्याला चुकवण्याची सोय घेऊन येतात आणि बीटा विषाणू निःशस्त्र येतात. निःशस्त्र असल्यामुळेच ते आपल्या सर्वांत निरुपद्रवी आहेत. ज्याच्या पेशीत पहाराच नाही, त्याच्यापुढे मात्र या निःशस्त्रांनाही अडसर उरत नाही.

हा पहारा त्वचेच्या पेशीतच आहे, ही गोष्ट विसरू नये. प्रतिकारशक्ती म्हटले की आपल्यासमोर पांढऱ्या पेशी आणि प्रतिपिंडे येतात. नमुनेदार ईव्हीच्या रुग्णांत ती सर्व यंत्रणा जवळपास शाबूत असते. गोवर, कांजिण्या, सर्दी-पडसे यांच्याशी ही मुले इतरांसारखीच झुंजतात. बचाव फक्त रक्तच करते असे नाही, प्रत्येक अवयवाच्या पेशींची स्वतःचीही तटबंदी असते, हा धडा ईव्हीने दिला. पुढे मेंदूच्या बाबतीत तो पुन्हा गिरवावा लागला. ओठावर साधे फोड आणणारा हर्पीसचा विषाणू एखाद्याच मुलाच्या मेंदूला सूज आणतो, कारण त्या मुलाच्या मेंदूतल्या पेशींना विषाणूची चाहूल लागत नाही. हे पॅरिस आणि न्यूयॉर्कमध्ये काम करणाऱ्या झाँ-लोराँ काझानोव्हा यांच्या गटाने २००६-०७ च्या सुमारास दाखवले. आपल्याकडे प्रत्येक बाळाच्या दंडावर टोचली जाणारी बीसीजीची लस क्वचित एखाद्या बाळाच्या अंगभर पसरते. त्यामागेही अशाच जन्मजात उणिवा असल्याचे १९९६ पासून स्पष्ट होत गेले. त्याच वर्षी उलट दिशेचेही उदाहरण हाती आले. काही माणसांत पेशीवरचा एक दरवाजा जन्मतःच नसतो, म्हणून एचआयव्हीच्या बहुतेक प्रकारांना त्यांच्या पेशींत शिरकाव मिळत नाही. या सर्वांवर पुढे स्वतंत्र लेख आहेत, म्हणून इथे पाल्हाळ लावत नाही.

ईव्हीसारखे दिसणारे चट्टे दुसऱ्या वाटेनेही येतात. टी पेशींच्या काही जन्मजात दोषांत, एचआयव्हीबाधितांत, किंवा मूत्रपिंड बदलल्यावर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांत ते दिसू शकतात. हा भेद केवळ वर्गीकरणाचा नाही. दोष रक्तातल्या पेशींचा असेल तर मूळ पेशींचे प्रत्यारोपण हा निदान विचारात घेण्याजोगा उपाय ठरतो. दोष त्वचेच्याच पेशीत असेल तर रक्त बदलून काही साधत नाही.

एका गैरसमजाबद्दल लिहिले पाहिजे. इंडोनेशिया आणि बांगलादेशातल्या ज्या रुग्णांच्या हातापायांवर झाडाच्या सालीसारखी वाढ झाली होती, त्यांची छायाचित्रे दूरचित्रवाणीवर आणि मोबाइलवर फिरली. ‘वृक्षमानव’ म्हणून त्यांचा तमाशा केला गेला आणि त्यासोबत ईव्हीचे नाव जोडले गेले. ईव्हीचा सर्वसामान्य रुग्ण तसा दिसत नाही. २०२१ मध्ये इराणच्या अशा एका रुग्णाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात कारण निघाले टी पेशीवरच्या सीडी-२८ या प्रथिनाचा अभाव, आणि विषाणू निघाला साध्या चामखिळीचा, एचपीव्ही-२. शास्त्राच्या दृष्टीने हा विकार ईव्हीचा चुलत नातलग आहे. पण चित्रे दाखवून थरार विकणाऱ्यांनी रुग्णांची जी विटंबना केली, तिला शास्त्राचा आधार नाही. या पुस्तकात तशी छायाचित्रे घेतली नाहीत हा निर्णय मला मनापासून पटला.

आपल्या वाचकाला आणखी दोन प्रश्न पडतील. पहिला लसीचा. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०२३ मध्ये सर्व्हाव्हॅक ही एचपीव्हीवरची भारतीय लस आणली. ती ६, ११, १६ आणि १८ या प्रकारांवर आहे. मुलींना ती जरूर द्यावी, कारण गर्भाशयमुखाचा कर्करोग आपल्याकडे अजून फार बायकांचे प्राण घेतो. पण पाच आणि आठ क्रमांकाचे प्रकार तिच्या कक्षेत येत नाहीत, म्हणून ईव्हीवरचा इलाज म्हणून तिच्याकडे पाहता येणार नाही.

दुसरा प्रश्न नात्यातल्या लग्नांचा. मामाची मुलगी करण्याची रीत महाराष्ट्रातल्या अनेक जातींत आणि दक्षिणेत परंपरेने चालत आली. इरावती कर्वे यांनी भारतातल्या आप्तसंबंधांचा अभ्यास करताना तिचा सविस्तर विचार केला आहे. ईव्हीचे जनुक आई-वडील दोघांकडून यावे लागते आणि एकाच आजोबा-आजीपासून ते दोन्ही बाजूंनी खाली येण्याची शक्यता अशा लग्नात वाढते. अल्जीरिया आणि कोलंबियातल्या अशाच कुटुंबांनी शास्त्रज्ञांना ती जनुके सापडवून दिली. तरीही एक गोष्ट घरोघर पोचावी: नात्यातल्या लग्नांतून होणारी बहुतेक मुले निरोगीच असतात. रुग्ण मुलाच्या आईला दोष देण्यासाठी या माहितीचा वापर करणे अन्यायाचे आहे. दोष दोघांकडून आलेला असतो आणि दोघांनाही त्याची कल्पना नसते. माहितीचा खरा उपयोग पुढच्या पिढीला सल्ला देण्यात आणि रुग्णाच्या भावंडांना वेळीच तपासण्यात आहे, कारण प्रत्येक भावंडाला रोग असण्याची शक्यता चारात एक असते.

उपचारांचे प्रकरण आखूड आहे, आणि ते तसे असणे प्रामाणिकपणाचे आहे. रोग मुळातून जाईल असे औषध आज नाही. ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनवलेली रेटिनॉइड गटातली औषधे चट्टे कमी करतात, पण थांबवली की चट्टे परततात, आणि गर्भवतींना ती अजिबात चालत नाहीत. कर्करोग झालेला भाग शस्त्रक्रियेने काढतात. कपाळावर त्वचारोपण करायचे तर दंडाच्या आतल्या, ऊन न लागलेल्या त्वचेचा तुकडा घेण्याचा मार्ग याब्वोन्स्का यांच्या गटाने दाखवला. किरणोपचार मात्र टाळतात, कारण त्यानंतर गाठी अधिक आक्रमक झाल्याचे आढळले आहे. सर्वांत मोठे हत्यार उन्हापासून बचाव हेच आहे. अतिनील किरणांनी डीएनए मोडलेली पेशी मरून जायला हवी, पण बीटा विषाणूंचे ई-६ नावाचे प्रथिन तिला मरू देत नाही. ती बिघडलेलीच वाढत राहते. गडद वर्णाच्या आफ्रिकी रुग्णांत कर्करोग कमी आढळला, तो बहुधा त्वचेतल्या रंगद्रव्याने हे किरण अडवल्यामुळे. पण सावळी त्वचा आहे म्हणून निर्धास्त राहू नये. दिवसभर रानात राबणाऱ्याला ‘उन्हात जाऊ नका’ म्हणून भागत नाही. लांब बाह्या, रुंद काठाची टोपी किंवा कपाळ झाकणारा फेटा, आणि शक्य असेल तर भर दुपारची कामे टाळणे, असे त्याच्या जगण्यात बसेल ते सांगावे लागते.

या शाखेत येऊ पाहणाऱ्या तरुणांसाठी काम भरपूर उरले आहे. एव्हर आणि सीआयबी-१ ची प्रथिने विषाणूला नेमकी कशी रोखतात? सारखाच दोष असलेल्या दोन भावंडांत एकाला कर्करोग होतो आणि दुसऱ्याला होत नाही, ते का? आपल्या सर्वांच्या त्वचेवर बीटा विषाणू असतात, तर साध्या त्वचा-कर्करोगात त्यांचा वाटा किती? या शेवटच्या प्रश्नावर तज्ज्ञांत दुमत आहे. २०१९ मध्ये उंदरांवरच्या एका अभ्यासातून असे सुचले की त्वचेवर वस्तीला असलेल्या पॅपिलोमा विषाणूंना ओळखणारी प्रतिकारशक्तीच कर्करोगापासून संरक्षण देत असावी. ज्याला आपण शत्रू म्हणून अभ्यासत होतो त्याची ही दुसरी बाजू पुढे तपासली जाईल, आणि ती तपासणाऱ्यांत मराठी नावे असावीत असे मला वाटते. त्यासाठी मोठ्या प्रयोगशाळेत पोचण्याआधी एक साधी गोष्ट लागते, ती म्हणजे रुग्णाची नीट लिहिलेली नोंद. लेवांडोव्स्की आणि लुट्झ यांच्याकडे त्याहून अधिक काही नव्हते.

म्हणून तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांना माझी विनंती आहे. लहानपणापासूनची शिबे बुरशीच्या औषधाने हटत नसतील आणि हातांवर चपट्या चामखिळी असतील, तर आई-वडिलांचे लग्नाआधीचे नाते विचारा, भावंडांची त्वचा पाहा, तुकडा तपासायला पाठवा. निदान झाले तर उन्हाचे सांगा आणि दर काही महिन्यांनी कपाळ, कान, मान आणि हातांचे पंजे उजेडात तपासत राहा. आणि मुलाला घेऊन आलेल्या माणसांना, ती उठून जाण्याआधी, स्पष्ट शब्दांत सांगा की हे पोर कुणापासूनही दूर ठेवण्याचे कारण नाही.